साठ मैलांवरची थरथर : १९७२ च्या एका एमजीबी जीटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

इंग्लंडच्या मिडलँड्स भागात राहणारे एक निवृत्त मराठी डॉक्टर आणि त्यांची १९७२ ची एमजीबी जीटी यांचं हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून गावांची नावं आणि काही किरकोळ तपशील गाळले आहेत. तपासाचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे, कारण सांगण्यासारखं जे आहे ते त्या क्रमातच आहे.

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनत होती. बंद छपराची जीटी १९६५ मध्ये आली. चार सिलिंडरचं १७९८ सीसी इंजिन पुढे, गाडी ओढणारी चाकं मागे आणि दोन्हींना जोडणारा एक लांब प्रोपेलर शाफ्ट अशी साधी, सरळ रचना. आपल्या ॲम्बॅसडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन याच बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) ‘बी सिरीज’ घराण्यातलं. डॉक्टरांचं बालपण वडिलांच्या ॲम्बॅसडरच्या मागच्या सीटवर गेलेलं, त्यामुळे ही गाडी घेताना बॉनेट उघडल्यावर त्यांना परकं काही वाटलं नव्हतं.

त्यांच्या गाडीला तारांची चाकं आहेत आणि गिअरबॉक्सच्या मागे लेकॉक ओव्हरड्राइव्ह आहे, म्हणजे गाडीचा वेग तोच ठेवून इंजिनचे फेरे कमी करणारा जास्तीचा गिअर. हा ओव्हरड्राइव्ह या प्रकरणात फार उपयोगी पडला.

माझं काम कंपनांचंच. पुण्यात सुरुवात केली, आता इथे एका वाहन-चाचणी विभागात आहे. डॉक्टर मला ‘तू’ म्हणतात आणि गाडीबद्दल काहीही विचारायचं झालं तर आधी सगळ्या बिलांची फाइल पुढे ठेवतात. या सवयीबद्दल त्यांचे मनापासून आभार, कारण निम्मं उत्तर त्या फाइलमध्येच होतं.

अडचण

गाडी ताशी ४५ मैलांपर्यंत छान चालायची. पन्नाशीनंतर बोगद्यातून, म्हणजे दोन सीटच्या मधल्या उंचवट्यातून, बारीक गुणगुण सुरू व्हायची. ६० मैलांना, म्हणजे ताशी सुमारे ९७ किलोमीटरला, तिची थरथर व्हायची. सीटखाली मुंग्या आल्यासारखं वाटायचं, आरशातली मागची गाडी धूसर दिसायची आणि गिअरच्या दांड्यावर हात ठेवला तर तळवा बधिर व्हायचा. शिवाय स्टेअरिंगही हलायचं, पण ते कधी जास्त, कधी कमी.

गाडी आमच्याकडे आली तोवर नवे टायर, चाकांचं बॅलन्सिंग, इंजिनचे रबरी माउंटिंग आणि मागचे डँपर (शॉक ॲब्सॉर्बर) बदलून झाले होते. प्रत्येक कामानंतर डॉक्टरांना चार दिवस फरक पडल्यासारखं वाटायचं आणि पाचव्या दिवशी थरथर जिथल्या तिथे. शेवटी एका गॅरेजने निदान दिलं : इंजिनचा फ्लायव्हील, म्हणजे त्याच्या मागच्या टोकाचं जड चाक, आणि क्लच असंतुलित आहे, इंजिन बाहेर काढावं लागेल. एमजीबीमध्ये क्लचला हात घालायचा तर इंजिन काढण्यावाचून गत्यंतर नसतं. खर्च मोठा होता, म्हणून डॉक्टरांनी दुसरं मत मागितलं.

गॅरेजचं निदान हवेतलं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. डॉक्टरांनी मोबाइलवर कंपन मोजणारं ॲप घेतलं होतं. ६० मैलांना, ओव्हरड्राइव्ह चालू असताना, आलेखावर ४५ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४५ कंपनांवर, ठसठशीत शिखर दिसत होतं. त्या वेगाला ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिन मिनिटाला साधारण २७५० फेरे करतं, म्हणजे सेकंदाला ४६. आकडे जुळत होते. समोर असा आलेख असताना कोणीही इंजिनकडेच बोट दाखवलं असतं.

आकड्यांची मांडणी

गाडी ओढणारी चाकं मागे असली की इंजिन, शाफ्ट आणि चाकं या तीन गोष्टी तीन वेगांनी फिरतात आणि प्रत्येकीची थरथर तिच्या फेऱ्यांशी बांधलेली असते. म्हणून पाना उचलण्याआधी हे फेरे कागदावर काढायचे.

डॉक्टरांच्या गाडीला १६५ रुंदीचे, १४ इंची टायर. ६० मैलांना असं चाक सेकंदाला सुमारे १४ वेळा फिरतं. मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर ३.९०९, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे जवळपास चार. म्हणून प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला ५५ ते ५६ वेळा फिरतो. चौथा गिअर थेट, म्हणजे एकास एक, असल्यामुळे चौथ्यात इंजिनही तेवढंच फिरतं, मिनिटाला साधारण ३३५०. ओव्हरड्राइव्ह लावला की इंजिन ०.८२ पटीवर, म्हणजे ४६ वर येतं. शाफ्ट मात्र ५५ वरच राहतो, कारण ओव्हरड्राइव्ह शाफ्टच्या अलीकडे बसतो.

गाडीचा वेग तसाच ठेवून नुसता स्विच दाबला की इंजिन आणि शाफ्ट वेगळे पडतात. इतकी सोपी परीक्षा फार थोड्या गाड्यांना मिळते.

पहिला निर्णय : मापावर विश्वास ठेवायचा का

डॉक्टरांच्या आलेखांमध्ये एक उणीव होती. सगळे आलेख एकाच वेगाचे होते. एका वेगावर जुळलेला आकडा योगायोगही असू शकतो, म्हणून पार्किंगमधून बाहेर पडण्याआधी मी एवढंच ठरवलं की तीन-चार वेगांवर मोजायचं.

गाडी डॉक्टर चालवत होते, फोन माझ्या ताब्यात. बोगद्यावरचा गालिचा बाजूला करून फोन दुहेरी चिकटपट्टीने उघड्या पत्र्याला चिकटवला. गालिच्यावर ठेवलेला फोन गालिच्याची थरथर मोजतो. ६० ला शिखर ४५ वर आलं, डॉक्टरांच्या आलेखासारखंच. वेग ६५ केला. इंजिनची थरथर असती तर शिखर वर, पन्नाशीकडे सरकायला हवं होतं. ते खाली आलं, ४० वर.

वेग वाढल्यावर कुठलाही फिरणारा भाग हळू फिरत नाही. याचा अर्थ आलेखच फसवत होता. सेटिंगमध्ये पाहिलं तर ॲप सेकंदाला १०० नोंदी घेत होतं. सेकंदाला १०० नोंदी घेणारं साधन ५० हर्ट्झपर्यंतचंच खरं सांगू शकतं. त्यावरची थरथर त्याला नीट दिसत नाही, ती शंभरातून वजा होऊन खालच्या भागात उमटते. सिनेमात धावत्या टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं, तसाच हा प्रकार. शंभरातून ४५ वजा केले की ५५. शंभरातून ४० वजा केले की ६०, आणि ६५ मैलांना शाफ्ट सेकंदाला ६० च फेरे करतो.

मग सेकंदाला ४०० नोंदी घेणाऱ्या दुसऱ्या फोनवर तेच मोजलं. ६० मैलांना शिखर ५५ च्या किंचित वर. डॉक्टरांना वेग धरून ठेवायला सांगितलं आणि ओव्हरड्राइव्ह काढायला लावला, पुन्हा लावायला लावला. फेरे दाखवणारा काटा २७५० वरून ३३५० वर गेला आणि परत आला. शिखर जागचं हललं नाही. क्लच दाबला, इंजिन आयडलवर आलं, तरी शिखर तिथेच, गाडीचा वेग उतरेल तसं हळूहळू खाली येणारं.

“म्हणजे इंजिन काढायचं नाही?” डॉक्टरांनी विचारलं.

“इंजिनला हात लावायचा नाही,” मी म्हटलं. “जे फिरतंय ते ओव्हरड्राइव्हच्या मागे आणि चाकांच्या पुढे आहे.”

पुढे जे पर्याय होते

आता संशयित थोडे उरले : ओव्हरड्राइव्हचा मागचा फ्लँज, म्हणजे शाफ्ट बोल्टने जोडायची चकती, प्रोपेलर शाफ्ट आणि त्याचे दोन क्रॉस, म्हणजे दोन्ही टोकांचे कोनात वळणारे सांधे, ॲक्सलचा पिनियन, म्हणजे शाफ्टचे फेरे आत नेणारा दातेरी गिअर, आणि त्याचा फ्लँज.

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे नवा शाफ्ट विकत घेणं. एमजीबीचे सुटे भाग आजही सहज मिळतात आणि इंजिन काढण्याच्या मानाने शाफ्ट स्वस्तच. ज्याला वेळ नाही त्याने हा मार्ग घेतला तर मी नावं ठेवणार नाही. पण दोष फ्लँजमध्ये असता तर नवा शाफ्टही थरथरला असता, आणि डॉक्टरांचा भाग बदलून बघण्यावरचा विश्वास एव्हाना उडाला होता.

दुसरा पर्याय, शाफ्ट काढून थेट बॅलन्सिंगला पाठवणं. हा मला पटत होता, पण त्यातही एक धोका होता. जोडणीत चूक असेल तर बॅलन्सिंगवाला त्या चुकीवरच वजन वेल्डिंग करून बसवणार. शाफ्ट पुढे कधी उघडला आणि बरोबर जोडला की थरथर परत.

तिसरा पर्याय, शाफ्ट गाडीवरच ठेवून त्याच्या टोकाला होज क्लिप, म्हणजे रबरी नळी आवळायची स्क्रूची पट्टी, बांधायची आणि तिचा स्क्रू वेगवेगळ्या बाजूंना फिरवत कुठे थरथर कमी होते ते पाहायचं. जुनी, कामाला येणारी युक्ती आहे. पण तीही लक्षणावरचा इलाज, आणि दरवेळी गाडीखाली जायचं. ती राखून ठेवली.

आम्ही आधी पाहून-मोजून घ्यायचं ठरवलं, आणि त्याआधी फाइल वाचायचं.

फाइलमध्ये काय सापडलं

थरथर कधी सुरू झाली, याचं डॉक्टरांचं उत्तर होतं, “टायर बदलल्यापासून.” टायर हिवाळ्यात बदलले होते. त्याच हिवाळ्यात गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल केला होता आणि त्या लांबलचक बिलात, तेलाच्या आणि सीलच्या ओळींमध्ये, एक ओळ होती : प्रोपेलर शाफ्टचे दोन्ही क्रॉस बदलले. सगळी कामं आटोपून गाडी एकदमच रस्त्यावर आली. डॉक्टरांना नवे टायर डोळ्यांना दिसत होते, शाफ्ट दिसत नव्हता, म्हणून दोष टायरांच्या माथी गेला.

केलेली कामं

चाकं खरोखर निर्दोष आहेत का, हे आधी नक्की केलं. गाडीची मागची बाजू ॲक्सलखाली स्टँड लावून उचलली. स्टँड बॉडीखाली लावले तर ॲक्सल लोंबतो आणि क्रॉसचे कोन बदलतात, मग मापाला अर्थ राहत नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, मागची दोन्ही चाकं काढलेली, गाडीखाली आणि मागे-पुढे कोणी नाही. ही चाचणी धोक्याची आहे. सपाट काँक्रीट आणि भक्कम स्टँड नसतील तर ती करूच नये. चौथ्या गिअरमध्ये ३३५० फेऱ्यांना बोगदा तसाच गुणगुणला. गिअरच्या दांड्याजवळ थरथर जास्त, ॲक्सलवर कमी. दोष शाफ्टच्या पुढच्या टोकाकडे झुकत होता.

मग फ्लँजवर रंगाच्या खुणा करून शाफ्ट उतरवला. या खुणा विसरायच्या नसतात. चार बोल्टचा फ्लँज एकापेक्षा जास्त प्रकारे बसतो. दोन्ही फ्लँज डायल गेजवर, म्हणजे बारीक वाकडेपणा मोजणाऱ्या काट्याच्या मापकावर, तपासले, काटा जेमतेम हलला. शाफ्टची नळी सरळ होती. नवे क्रॉस दोन्ही बाजूंना सारख्याच खोलीवर बसले होते आणि हाताने फिरवताना कुठे अडकत नव्हते.

एमजीबीच्या शाफ्टच्या पुढच्या टोकाला दातांची सरकती बाही असते. खड्ड्यांवर ॲक्सल वर-खाली होतो तेव्हा शाफ्टची लांबी थोडी कमी-जास्त व्हावी लागते, ती या बाहीमुळे होते. क्रॉस बदलताना ही बाही बहुतेक वेळा सुटी करतात. परत बसवताना दोन्ही टोकांचे काटे, म्हणजे क्रॉसला धरणारे दोन कान, एकाच पातळीत यायला हवेत. कोनात चालणारा एक क्रॉस प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो, आणि दुसरा क्रॉस त्याच पातळीत असेल तरच ती चढउतार पुसून टाकतो. शाफ्ट बाकावर ठेवून पाहिलं. काटे अगदी एका रेषेत होते. गॅरेजनेही हेच पाहून शाफ्ट बिनचूक ठरवला होता.

तसंही काट्यांची पातळी चुकली असती तर थरथर फेऱ्याला दोनदा, म्हणजे ६० मैलांना १११ हर्ट्झच्या आसपास दिसली असती. आमची थरथर फेऱ्याला एकदाच होती. म्हणजे वजन एका बाजूला जास्त.

इथे दुसरा निर्णय होता. शाफ्ट तसाच बॅलन्सिंगला द्यायचा की अजून काही बघायचं? शाफ्टवर काळ्या रंगाचा जाड थर होता, बाहीवर तर दोन-तीन थर. डॉक्टर म्हणाले, “देण्याआधी रंग काढून बघू. पेशंटचा शर्ट न काढता मी कधी छाती तपासली नाही.” थिनर आणि तारेचा ब्रश घेऊन ते स्वतः बसले. आधी नळीवरचा बाण दिसला, धातूत ठोकलेला, नखाएवढा. बाहीवरचा बाण मात्र त्याच्यासमोर नव्हता. बाही फिरवत गेलो तेव्हा तो बरोबर पलीकडच्या बाजूला, रंगाखाली सापडला.

बाही अर्धा फेरा उलटी बसली होती. अर्धा फेरा फिरवली तरी काटे एकाच पातळीत येतात, म्हणून नुसत्या डोळ्यांना सगळं ठीक दिसतं. पण कारखान्यात शाफ्टचं बॅलन्सिंग बाहीसकट होतं. बाहीची जड बाजू आणि नळीवरचं वजन एकमेकांना तोलतील असं ते बसवलेलं असतं. बाही उलटली की ज्यांनी एकमेकांना तोलायचं ती वजनं एकाच बाजूला येऊन बसतात. बाण त्यासाठीच असतात.

यात ताकद किती असते ते बघण्यासारखं आहे. समजा २० ग्रॅम जास्तीचं वजन मध्यापासून २५ मिलिमीटरवर आहे. सेकंदाला ५५ फेऱ्यांना ते शाफ्टला सुमारे ६० न्यूटन, म्हणजे सहा किलोच्या जोराने, प्रत्येक फेऱ्याला चहूबाजूंनी ओढतं. निम्म्या वेगाला हा जोर पाव होतो, जेमतेम दीड किलो. गावात ३० मैलांनी चालणाऱ्या गाडीत काहीच कळत नाही, ते यामुळे.

तिसरा निर्णय छोटा होता, पण मी त्यावर अडून बसलो. बाण जुळवायचे आणि दुसरं काहीही न करता गाडी चालवायची. डॉक्टरांना शाफ्ट उतरलेलाच आहे तर बॅलन्सिंगही उरकून टाकू असं वाटत होतं. पण दोन्ही एकदम केलं असतं तर कशाने काय झालं ते कधीच कळलं नसतं. हिवाळ्यात नेमकं तेच झालं होतं.

परिणाम

बाण जुळवून, ग्रीस भरून, फ्लँज खुणांप्रमाणे बसवून गाडी त्याच रस्त्यावर नेली. ६० मैलांना ५५ हर्ट्झचं शिखर आधीच्या साधारण पाव उंचीवर आलं. आरशातल्या मागच्या गाडीचा नंबर वाचता येऊ लागला. वहिनी मागच्या अरुंद सीटवर बसून मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी पहिल्यांदाच इंजिनचा आवाज वेगळा ऐकू येतो असं सांगितलं.

क्रॉस नवे असल्यामुळे थोडं असंतुलन उरणारच होतं. म्हणून त्यानंतर शाफ्ट बॅलन्सिंगला दिला. तिथे पुढच्या टोकाला एक लहानसं वजन लागलं आणि शिखर आजूबाजूच्या खळखळीत मिसळून गेलं.

मोठी थरथर गेल्यावर स्टेअरिंगचं हलणं स्वच्छ दिसू लागलं. ते १४ हर्ट्झला होतं, म्हणजे चाकांचं. आधी दोन्ही तक्रारी एकात मिसळल्यामुळे डॉक्टरांचं वर्णन दरवेळी बदलायचं. पुढचं एक चाक बाजूला डुलत होतं. त्याच्या तारा ताणून ते सरळ केलं आणि तारांच्या चाकांसाठीचे योग्य शंकू असलेल्या मशिनवर पुन्हा बॅलन्स केलं. साध्या चाकांच्या शंकूवर तारांचं चाक मध्यावर बसत नाही आणि मशीन बिनदिक्कत शून्य दाखवतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे हिवाळ्यातली कामं तुकड्यांनी करायची. गिअरबॉक्स बसल्यावर जुन्याच टायरांवर एक फेरी मारली असती तर थरथर त्याच दिवशी गिअरबॉक्सच्या बिलाशी जोडली गेली असती, आणि टायर, माउंटिंग, डँपर यांच्यावरचा खर्च झालाच नसता. मागचे डँपर तर काढले तेव्हा चांगलेच होते.

शाफ्ट सुटा करणाऱ्याने आधी खुणा करायला हव्या होत्या. गॅरेजवर मी फार राग धरत नाही. त्यांनी काट्यांची पातळी पाहिली होती, जी अनेक जण पाहत नाहीत. पण बाण असतात हे माहीत असणं आणि रंगाखाली ते शोधणं, हे त्यांचं काम होतं.

फोनचं ॲप वापरायचं तर ते सेकंदाला किती नोंदी घेतं ते आधी बघावं, आणि वेग वाढवल्यावर शिखर कुठे सरकतं ते नेहमी तपासावं. शिखर खाली आलं तर मापच चुकतंय.

महाराष्ट्रात ॲम्बॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी जपणाऱ्यांकडे ओव्हरड्राइव्ह नसतो, पण हीच परीक्षा दुसऱ्या तऱ्हेने होते. मोकळ्या, सरळ रस्त्यावर थरथरीच्या वेगाला चौथ्यात चालवावं, मग त्याच वेगाला तिसऱ्यात, मग न्यूट्रलमध्ये. इंजिन चालूच ठेवावं, चावी फिरवू नये. इंजिनचे फेरे बदलूनही थरथर तशीच राहिली तर क्लच-फ्लायव्हीलवर पैसे घालायच्या आधी गाडीखाली वाकून शाफ्ट बघावा.

डॉक्टरांच्या गाडीत अजून एक काम बाकी आहे. मागच्या डाव्या हबचे दात झिजले आहेत. हँडब्रेक लावून चाक हलवलं की हब जागेवर राहतो आणि चाक किंचित सरकतं. आज त्याची थरथर जाणवत नाही, पण झिजलेल्या हबवर नवं चाक चढवलं तर त्याचेही दात लवकर जातात. म्हणून हब आणि चाक जोडीनेच बदलायचं ठरलं आहे, आणि त्या आठवड्यात गाडीला दुसरं कुठलंही काम काढायचं नाही.